डोकेदुखीची गोळी आणि गोळीची डोकेदुखी

(पोस्ट लांब आहे. पण घरात कुणी जवळजवळ रोज डोकेदुखीची गोळी घेत असेल, तर शेवटपर्यंत वाचा.)

गेल्या आठवड्यात बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानात उभा होतो. साठीच्या एक मावशी आल्या. "दोन दे रे डोक्याच्या," एवढंच म्हणाल्या. दुकानदारानं पट्टी कातरली, दोन गोळ्या कागदात गुंडाळून दिल्या. मावशींनी कागदाची घडी कमरेच्या पिशवीत टाकली आणि गेल्या.

मी विचारलं, "रोज नेतात का?"

तो म्हणाला, "रोज म्हणजे? मी शटर उघडायच्या आधी ओट्यावर बसलेल्या असतात. एक सकाळी, एक दुपारी. त्याशिवाय त्यांचं डोकं उतरतच नाही."

मला त्याच्या बोलण्याचं हसू आलं नाही. काही वर्षांपूर्वी त्या मावशींच्या जागी मी होतो. आणि त्याच्याही आधी, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी, माझी आई होती.

माझी गोष्ट शेवटी सांगतो. आधी इतिहास सांगतो. हे दुखणं आपल्या तालुक्याचं नाही, आपल्या देशाचंही नाही. जगात ते चांगलं शंभर वर्षं मुरलेलं आहे. त्यात हजारो माणसांच्या किडन्या गेल्या, तेव्हा कुठे डॉक्टरांचे डोळे उघडले.

सुरुवात एका चुकीपासून झाली. साल 1886, गाव स्ट्रासबुर्ग. हे शहर आज फ्रान्समध्ये आहे, तेव्हा जर्मनीत होतं. कान आणि हेप नावाचे दोन तरुण डॉक्टर पोटातल्या जंतांवर औषध शोधत होते. त्यासाठी ते रुग्णाला नॅफ्थलीन देत होते. नॅफ्थलीन म्हणजे आपली कपाटातली डांबरगोळी! जंतांवर काही परिणाम दिसेना, पण एका रुग्णाचा ताप मात्र झपकन उतरला. चौकशी केली तर बाटलीत नॅफ्थलीन नव्हतंच. चुकून ॲसिटॅनिलाइड नावाचं दुसरंच रसायन आलं होतं. ते 'अँटिफेब्रिन' नावानं बाजारात आलं. ताप उतरायचा, अंगदुखी-डोकेदुखीही थांबायची. पण काही लोक निळे पडायचे, कारण रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद त्यानं कमी व्हायची.

मग दुसरं रसायन आलं, फेनासेटिन. 1887 च्या सुमारास ते जर्मनीच्या बायर कंपनीनं आणलं. बायर तेव्हा औषधांची कंपनी नव्हती, कापडाचे रंग बनवणारी होती. रंग बनवताना एक टाकाऊ रसायन टनावारी साठून राहायचं. त्याचं करायचं काय, या विचारातून फेनासेटिन तयार झालं. आपल्याकडच्या निळीच्या शेतीचं कंबरडं ज्या जर्मन रंग-रसायन धंद्यानं मोडलं, त्याच धंद्यानं जगाला डोकेदुखीची गोळी दिली. पुढे त्याच बायरमध्ये 1897 साली ॲस्पिरिन तयार झालं आणि 1899 पासून विकायला आलं.

फेनासेटिन, ॲस्पिरिन आणि जोडीला कॅफीन. चहा-कॉफीत असतं तेच कॅफीन. या तिघांची मिसळ म्हणजे विसाव्या शतकाची डोकेदुखीची पुडी. कॅफीन घातलं की दुखणं लवकर थांबल्यासारखं वाटतं, तरतरी येते, हात भराभर चालतो. नेमक्या या 'हात भराभर चालण्यानं' पुढचा घोटाळा केला.

आता स्वीडनला चला. हुस्कवर्ना नावाचं कारखान्याचं गाव. तिथं बंदुका बनायच्या, शिवणयंत्रंही बनायची. 1918 साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. आपल्याकडे त्याच साथीत गावंच्या गावं ओस पडली. कारखान्याशी संबंध असलेल्या डॉक्टर योर्टन यांनी एक पुडी तयार केली. त्यात फेनासेटिन, फेनाझोन आणि कॅफीन होतं. तापावर गुण आला. साथ गेली, पण पुडी राहिली. कामगारांना वाटायला लागलं की पुडी घेतली की काम जास्त होतं, थकवा कळत नाही. लोक सकाळी कामाला लागायच्या आधी पुडी घ्यायला लागले. विडी-तंबाखू पुढे करावी तशी पुडी एकमेकांपुढे होऊ लागली, वाढदिवसाच्या भेटीतसुद्धा पुड्या दिल्या जायच्या असं सांगतात. हे तीस-चाळीस वर्षं चाललं. मग लक्षात आलं की या गावात किडनी निकामी होऊन मरणारे जरा जास्तच आहेत. कुर्ट ग्रिमलुंड या डॉक्टरांनी त्याचा अभ्यास 1963 मध्ये छापला. त्याआधीच 1961 मध्ये स्वीडननं फेनासेटिन चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली होती.

तिकडे स्वित्झर्लंडमध्ये हेच, फक्त बंदुकांऐवजी घड्याळं. घड्याळाच्या कारखान्यांत मोठ्या संख्येनं बायका कामाला. डोळ्याला भिंग लावून दिवसभर केसाएवढ्या चकत्या, स्प्रिंगा बसवायच्या. पगार नगावर. जेवढे नग तेवढे पैसे. मान अवघडते, डोळे दुखतात, डोकं ठणकतं. मग गोळी. गोळीत कॅफीन, म्हणून हात पुन्हा चालतो. संध्याकाळी गोळीचा असर उतरला की डोकं पुन्हा दुखतं, मग पुन्हा गोळी. 1953 मध्ये श्प्यूलर आणि त्सोलिंगर या दोन डॉक्टरांनी किडनीच्या एका विशिष्ट आजाराचं आणि या गोळ्यांचं नातं मांडलं. 1968 मध्ये बासेलच्या डॉक्टरांनी नियमित फेनासेटिन घेणाऱ्या 623 निरोगी बायका निवडल्या, त्यांच्या जोडीला न घेणाऱ्या 621 निवडल्या आणि दोन्ही गटांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. गोळ्या घेणाऱ्या गटात किडनीचे विकार आणि मृत्यू जास्त निघाले. कोण गोळ्या घेतं हे तोंडी विचारून ठरवलं नाही, लघवी तपासून ठरवलं. रोज गोळी घेणारा माणूस खरा आकडा सांगत नाही, हे त्यांना माहीत असावं. मला ते स्वानुभवानं माहीत आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट ऑस्ट्रेलियाची. तिथं 'बेक्स' आणि 'व्हिन्सेंट्स' नावाच्या पुड्या घराघरात होत्या. किराणा दुकानात मिळायच्या, जाहिराती बायकांसाठी असायच्या. घरकाम, पोरं, कंटाळा, डोकं, सगळ्यावर एकच उपाय. चहा घ्यायचा, बेक्सची पुडी घ्यायची आणि जरा आडवं व्हायचं, ही तिकडे म्हणच पडली. इतकी, की 1965 मध्ये सिडनीत त्याच नावाचा विनोदी कार्यक्रम रंगमंचावर आला. लोक हसत होते आणि त्याच काळात मेलबर्नमध्ये प्रिसिला किनकेड-स्मिथ नावाच्या डॉक्टरबाई सडलेल्या किडन्या तपासत होत्या. या पुड्यांनी किडनी जाते हे त्यांनी पुन्हा पुन्हा मांडलं. कंपन्या ऐकेनात, सरकार ढिम्म. अखेर 1979 मध्ये अशा मिश्र पुड्या चिठ्ठीशिवाय विकणं तिथं बंद झालं. त्यानंतर या प्रकारानं किडनी जाणाऱ्यांची संख्या खाली येत गेली. अमेरिकेनं फेनासेटिन 1983 मध्ये काढलं. भारतानंही 1983 च्याच अधिसूचनेत त्यावर बंदी घातली.

इथपर्यंतचा इतिहास किडनीचा. आता मला खरा सतावणारा प्रश्न. या बायका, हे कामगार रोज गोळी का घेत होते? "सवय लागली", "नशा होती", असं सगळे म्हणत. बासेलचे मानसोपचारतज्ज्ञ किलहोल्त्स यांनीही व्यसन म्हणूनच त्याचा अभ्यास केला. पण त्या बायका स्वतः काय सांगत होत्या? "डोकं दुखतं म्हणून घेते." ते खरंच होतं. डोकं खरंच दुखत होतं. फक्त ते दुखणं गोळीच तयार करत होती, हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

याचा पहिला ठळक धागा दुसऱ्याच औषधात सापडला. अरगट ऐकलंय ना? आपल्याकडे बाजरीच्या कणसावर पडतो. बी पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात बुडवून वर तरंगणारे दाणे काढून टाकायला कृषी सहायक सांगतात, तोच. युरोपात त्याच कुळातली बुरशी राय नावाच्या धान्यावर पडायची आणि ते खाऊन लोकांची बोटं झडायची. त्या बुरशीतून 1918 मध्ये स्वित्झर्लंडच्या सँडोज कंपनीत आर्थर श्टोल यांनी एर्गोटामाइन वेगळं काढलं. मायग्रेनवर, म्हणजे आपल्या अर्धशिशीवर, ते फार गुणकारी ठरलं. पण काही रुग्ण ते रोज घेऊ लागले आणि त्यांची महिन्यातून दोनदा होणारी अर्धशिशी रोजची झाली. 1951 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पीटर्स आणि हॉर्टन या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की अशा रुग्णांचं एर्गोटामाइन बंद केलं, काही दिवस त्यांनी नरक भोगला, पण त्यानंतर त्यांची रोजची डोकेदुखी सुटली.

तीस वर्षं हे वाक्य बहुतेकांनी गंभीरपणे घेतलंच नाही. 1982 मध्ये कॅलिफोर्नियाच्या ली कुड्रो यांनी सांगितलं की साध्या वेदनाशामक गोळ्यांचंही असंच आहे. गोळ्या चालू ठेवून डोकेदुखी रोखणारं औषध दिलं तर ते नीट लागू पडत नाही, गोळ्या बंद केल्या की तेच औषध काम करायला लागतं. त्याच सुमारास ह्यूस्टनमध्ये काम करणाऱ्या, मूळच्या भारतीय निनान मॅथ्यू या डॉक्टरांनी अधूनमधून येणारी मायग्रेन रोजच्या डोकेदुखीत कशी बदलते ते मांडलं आणि त्यामागच्या कारणांत गोळ्यांचा अतिवापर ठळकपणे दाखवला. 1988 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात एक साधी पण नेमकी गोष्ट तपासली होती. सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं रोज वेदनाशामक घेणाऱ्यांचं डोकं दुखायला लागतं का? उत्तर आलं, ज्यांना आधीपासून डोकेदुखी नाही त्यांचं सहसा दुखत नाही. म्हणजे गोळी सगळ्यांना हा त्रास देत नाही. ज्यांच्या मेंदूत मुळात अर्धशिशीचा किंवा डोकेदुखीचा कल आहे, त्यांचंच दुखणं ती रोजचं करून ठेवते. ज्यांना गोळीची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच ती फसवते.

1988 मध्येच आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या पहिल्या वर्गीकरणात औषधांमुळे होणाऱ्या डोकेदुखीला जागा मिळाली. पुढे तिला 'औषधांच्या अतिवापरामुळे होणारी डोकेदुखी' असं स्पष्ट नाव मिळालं. आजची व्याख्या सोपी आहे. घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

महिन्यात 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखतं आणि तीन महिन्यांहून जास्त काळ पुढीलपैकी एक घडतंय:

पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारखी साधी एकेरी गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस.

किंवा कॅफीनवाली मिश्र गोळी, एर्गोटामाइन, ट्रिप्टान किंवा अफूवर्गीय वेदनाशामक महिन्यात 10 किंवा जास्त दिवस.

दिवस मोजायचे, गोळ्या नव्हेत. एका दिवशी दोन घेतल्या तरी दिवस एकच. आणि मिश्र गोळीची मर्यादा कमी आहे हे लक्षात ठेवा. आपल्या किराणा दुकानात 'डोक्याची' म्हणून मिळते ती बहुतेक वेळा मिश्रच असते.

आता आपल्याकडचा इतिहास. महाराष्ट्रात डोकं दुखलं की आधी सुंठ उगाळायची, नाहीतर जायफळ. वेखंडाचा लेप, कपाळाला घट्ट फडकं. 1893 मध्ये मुंबईत काशिनाथुनी नागेश्वरराव यांनी अमृतांजन सुरू केलं आणि पिवळ्या मलमाची बाटली घराघरात गेली. हे सगळं बाहेरून लावायचं होतं. पोटात घ्यायची गोळी नंतर आली. पहिल्या महायुद्धात जर्मन ॲस्पिरिनची वाट बंद झाली, तेव्हा 1915 मध्ये मेलबर्नच्या जॉर्ज निकोलस यांनी स्वतःचं ॲस्पिरिन बनवलं, त्याचं नाव ॲस्प्रो. ते आपल्याकडेही खेड्यापर्यंत पोचलं. रोश कंपनीचं सॅरिडॉन स्वित्झर्लंडमध्ये 1933 मध्ये आलं. त्यात तेव्हा फेनासेटिन होतं, कॅफीन होतं. पुढे फेनासेटिनच्या जागी पॅरासिटामॉल आलं आणि ती गोळी भारतात किती घरोघरी झाली हे माझ्या वयाच्या माणसाला सांगायला नको.

कायद्याचं बोलायचं तर औषध नियमांच्या 'के' परिशिष्टात हजाराच्या आतल्या लोकवस्तीच्या गावात ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल, बाम असे घरगुती उपाय परवान्याशिवाय विकायची सवलत आहे. हेतू चांगला होता. रात्री-अपरात्री ताप आला तर खेड्यातल्या माणसानं तालुक्याला यायचं कसं? पण सवलत एकेरी गोळीची आणि लहान गावाची. आज वीस-पंचवीस हजारांच्या गावातही किराणा दुकानात मिश्र गोळीची पट्टी कातरून मिळते, आणि पट्टी कातरली की मागचा मजकूर, मुदत, सगळं दुकानातच राहतं. सप्टेंबर 2018 मध्ये केंद्रानं 328 मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यात सॅरिडॉनही होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी 2019 मध्ये सॅरिडॉनला त्या बंदीतून सूट मिळाली, 1988 च्या आधीपासून बाजारात असलेलं औषध म्हणून. आठवतंय, तेव्हा आम्ही पत्रकारांनी 'बंदी आली', 'बंदी उठली' एवढ्याच बातम्या केल्या. रोज ती गोळी घेणाऱ्याचं काय होतं, ही बातमी कुणीच केली नाही. मीही नाही. आणि मी स्वतः तेव्हा रोज दोन मिश्र गोळ्या घेत होतो!

आता माझी गोष्ट.

मला कॉलेजपासून अर्धशिशी आहे. महिन्यातून एकदा-दोनदा. आईकडून आलेली. 2016-17 च्या हिवाळ्यात आधी नगरपालिकेच्या निवडणुका, लगेच जिल्हा परिषदेच्या. दिवसभर मोटारसायकलवर, रात्री अकरापर्यंत बातम्या टाइप करणं. डोकं दुखेल या भीतीनंच गोळी घ्यायला लागलो. दुखायच्या आधीच. निवडणुका संपल्या, गोळी राहिली. 2019 मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या, तोवर महिन्यातले पंचवीस-सव्वीस दिवस डोकं जड. सकाळी उठतानाच दुखायचं. चष्म्याचा नंबर बदलला, सायनसचा एक्स-रे झाला, मेंदूचा स्कॅन झाला. सगळं नॉर्मल. जवळजवळ प्रत्येकानं जाताना एक नवी गोळी लिहून दिली.

जानेवारी 2020 मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी एका मेंदूविकारतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी मी नेलेली फाइल उघडलीच नाही. म्हणाले, "डोकं किती दुखतं ते नंतर सांगा. गोळ्या किती घेता ते आधी सांगा."

मी म्हणालो, "लागली तर एखादी."

ते म्हणाले, "पत्रकार आहात ना? आकडा सांगा."

बायको शेजारी होती. तिनं आकडा सांगितला.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत असं. मेंदूत दुखणं कमी-जास्त करणारी एक यंत्रणा असते. रोज बाहेरून गोळी मिळत राहिली की ती यंत्रणा बिघडते, जरा धक्का लागला तरी बोंब मारते. गोळीचा असर उतरला की ती दुखण्यासाठी ओरडते, आपल्याला वाटतं मूळ आजार वाढला. मिश्र गोळीत कॅफीन असेल तर कॅफीन उतरल्याचं दुखणं वेगळंच. हे व्यसनी माणसाचं चारित्र्य नाही, मेंदूची रचना आहे. त्यांचं हे शेवटचं वाक्य ऐकून मला रडूच यायचं बाकी राहिलं.

गोळी बंद. रात्री झोपताना डोकेदुखी रोखणारं एक औषध सुरू. चहा सहा कपांवरून हळूहळू दोनवर. आणि कालनिर्णयावर रोज खूण करायची. दुखलं तर फुली, गोळी घेतली तर गोल.

त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की त्रास दोन ते दहा दिवस राहतो. जर्मनीतल्या एसेनच्या डॉक्टरांनी हे 2001 मध्ये मोजून ठेवलंय. सरासरी ट्रिप्टान सोडणाऱ्यांना चार दिवस, एर्गोटामाइनवाल्यांना जवळपास सात, साध्या वेदनाशामकवाल्यांना साडेनऊ. मी तिसऱ्या वर्गातला.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून ठणका. तिसऱ्या दिवशी उलट्या. खोलीत अंधार करून कपाळाला फडकं बांधून पडलो होतो, अगदी आई पडायची तसा. चौथ्या रात्री मी उठून बायकोची पर्स उचकली, एखादी गोळी मिळेल म्हणून. तिनं घरातल्या सगळ्या आधीच शेजारच्या वहिनींकडे देऊन ठेवल्या होत्या. मी तिच्यावर ओरडलो. त्याची आजही लाज वाटते. सातव्या दिवशी ठणका कमी झाला. अकराव्या दिवशी सकाळी दात घासताना लक्षात आलं की डोकं दुखत नाहीये. कितीतरी वर्षांनी सकाळ अशी मोकळी आली होती.

दुसऱ्या महिन्यात कालनिर्णयावर फुल्या होत्या सात. आधीच्या सव्वीसच्या जागी सात! सगळी डोकेदुखी गेली नाही. अर्धशिशी आहे तशी आहे, ती जाणारही नाही. पण ती पुन्हा महिन्यातून दोन-तीनदा येणारी झाली, आणि त्या दिवशी घेतलेली गोळी आता लागू पडते.

आणि हो, एकदा घसरलो. 2021 च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत. स्मशानाच्या बातम्या, रात्री-अपरात्री ऑक्सिजनसाठी फोन. मे महिन्यात कालनिर्णयावर चौदा गोल होते. पुन्हा डॉक्टर, पुन्हा तेच आठवडे. या दुखण्यात पहिलं वर्ष सगळ्यात घसरणीचं असतं असं अभ्यास सांगतात, मला त्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागला एवढंच. म्हणून कालनिर्णयावरच्या खुणा मी अजून सोडलेल्या नाहीत. दुधाच्या खाड्याशेजारी माझे गोल असतात.

सोडवायची एकच पद्धत नाही, हेही सांगितलं पाहिजे. 2020 मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी 120 रुग्णांवर तीन पद्धती तपासल्या. तिन्हींनी फरक पडला, पण गोळी सोडणं आणि रोखणारं औषध एकाच वेळी सुरू करणं सगळ्यात फायद्याचं दिसलं. 2022 मधल्या अमेरिकी अभ्यासात 720 रुग्ण होते. त्यात रोखणारं औषध नीट दिलं तर जुनी गोळी तडकाफडकी न सोडणाऱ्यांनाही तेवढाच आराम मिळाला. नॉर्वेत तर साध्या फॅमिली डॉक्टरांनी काही मिनिटं नीट समजावून सांगितलं, तरी बऱ्याच जणांच्या गोळ्या आणि डोकेदुखी दोन्ही कमी झाल्या. म्हणजे इलाज महागडा नाही. कुणीतरी समोर बसून विचारणारं हवं.

पण मनानं काही करू नका. अफूवर्गीय गोळ्या, झोपेच्या गोळ्या, मानसिक आजाराची औषधं एकदम बंद करणं धोक्याचं असतं. बाळंतीण, किडनीचे किंवा फिटचे रुग्ण, म्हातारी माणसं यांनी तर डॉक्टरांशिवाय हात लावू नये. आणि डोकं अचानक, क्षणात, कधीच दुखलं नव्हतं असं फुटल्यासारखं दुखलं, ताप आणि मान आखडली, हात-पाय-जीभ लुळी पडली, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नवी डोकेदुखी सुरू झाली, तर ही पोस्ट बाजूला ठेवा आणि थेट दवाखाना गाठा.

आता आईचं. आई शिवणकाम करायची. दिवसा घरकाम, रात्री शिवणयंत्र. लग्नसराईत पहाटे दोन-दोनपर्यंत ब्लाउज. नगावर पैसे. तिच्या पदराच्या गाठीत कायम दोन गोळ्या असायच्या, आणि मीच त्या दुकानातून आणायचो, चार आण्याच्या गोळ्या-बिस्किटांच्या लालचेनं. शेवटच्या वर्षांत तिला रक्तदाब होता, मग किडन्या गेल्या. 2011 मध्ये ती गेली. गोळ्यांनीच गेली का? डॉक्टरांनी तसं कधी म्हटलं नाही, रक्तदाबानंही किडन्या जातात, म्हणून मीही तसं म्हणणार नाही. पण हुस्कवर्नाच्या शिवणयंत्राच्या कारखान्याबद्दल आणि घड्याळं जोडणाऱ्या त्या स्विस बायकांबद्दल वाचताना मला दर पानाला आई दिसत होती. इतकी वर्षं उपचार झाले, पण तिला कुणीही विचारलं नाही की बाई, गोळ्या किती घेता?

म्हणून ही पोस्ट. आपल्याकडे विडी वळणाऱ्या, मागावर बसणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, शिवणाऱ्या बायका आहेत. रात्रपाळीचे कामगार, ड्रायव्हर, परीक्षेची पोरं आहेत. त्या सगळ्यांचं डोकं खरंच दुखतं. त्यांना हसू नका, व्यसनी म्हणू नका. पण तीन गोष्टी करता येतील:

एक, अन्न व औषध प्रशासनानं किराणा दुकानातली मिश्र गोळ्यांची किरकोळ विक्री एकदा नीट तपासावी. कुणाला आत टाकायला नको, आधी समज द्या.

दोन, गोळीच्या पाकिटावर मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात एक ओळ असावी की महिन्यात दहा दिवसांहून जास्त घेतल्यास डोकेदुखी वाढते.

तीन, प्राथमिक आरोग्य केंद्रात डोकेदुखीचा रुग्ण आला की त्याला "गोळ्या किती घेता?" हा प्रश्न विचारलाच जावा. आशाताईंच्या घरभेटीतही. या प्रश्नाला एक पैसा लागत नाही.

परवा पुन्हा त्या दुकानात गेलो. मावशी ओट्यावर होत्या. शेजारी बसलो, माझी गोष्ट सांगितली. आधी म्हणाल्या, "माझं डोकं लय जुनं आहे बाबा, त्याला गोळीच लागते." मग थोड्या वेळानं विचारलं, "सोडल्यावर किती दिस दुखतंय म्हणालास?" मी म्हणालो, "आठ-दहा दिवस. पण एकट्यानं नाही करायचं, डॉक्टरांना विचारून." येत्या सोमवारी त्यांना ग्रामीण रुग्णालयात घेऊन जातोय. सुनेलाही बोलावलंय.

तुमच्या घरात अशी गाठ कुणाच्या पदराला असेल, तर आज फक्त एवढंच करा. कालनिर्णय घ्या, पेन घ्या आणि या महिन्याचे गोल मोजा. आकडा दहाच्या वर गेला तर खाली कमेंटमध्ये नको, थेट डॉक्टरांना सांगा. आणि आकडा खरा सांगा.